मोकळा कुंचला, पक्की नजर

व्यापारी घराण्याच्या पेढीवर गादीमागच्या भिंतीवर मूळ पुरुषाची तसबीर असते. बहुतेक तसबिरी एखाद्या जुन्या छायाचित्रावरून मोठ्या करून घेतलेल्या असतात. पगडी, कोट, उपरणे, कपाळावरचा टिळा, सारे जागच्या जागी असते. तरीही ज्यांनी त्या गृहस्थांना प्रत्यक्ष पाहिलेले असते, ते तसबिरीकडे बघून हमखास म्हणतात, ‘नाक-डोळे त्यांचेच, पण हे ते नव्हेत.’ गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकताना मान किंचित तिरपी करण्याची त्यांची लकब, हिशेब जुळला की डोळ्यांच्या कोपऱ्यात उमटणारे समाधान, रागावले तरी ओठांवर न येणारा राग, यांपैकी काहीच त्या गुळगुळीत चित्रात उतरलेले नसते. साम्य आणि भाव या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे अशा वेळी कळून येते.

मुलांच्या हाती दुकान सोपवून मोकळे झालेले गृहस्थ, संसाराच्या धावपळीतून थोडी उसंत मिळालेल्या गृहिणी आणि परीक्षांच्या ओझ्याखाली दबलेली तरुण मुले, असे अनेकजण अलीकडे हौसेने चित्रकला शिकू लागले आहेत. त्यांतील पुष्कळांना मोकळ्या, ठसठशीत फटकाऱ्यांनी रंगवलेल्या भावपूर्ण व्यक्तिचित्रांची ओढ वाटते. अशा चित्रात प्रत्येक फटकारा वेगळा दिसतो, रंगाचा ओलावा जणू अजून टिकून असतो आणि तरीही समोरचा माणूस श्वास घेत असल्यासारखा वाटतो. ‘हे तर भराभर काढलेले दिसते, आपल्यालाही जमेल,’ अशा समजुतीने ते कुंचला हाती घेतात, आणि चार दिवसांत कॅनव्हासवर चिखल होतो. कारण त्या मोकळेपणाचा मार्ग घाईतून जात नाही, कडक निर्णयांतून जातो. ज्याने रंग लावण्यापूर्वी पुरते पाहिले आणि ठरवले, त्याचाच फटकारा मोकळा पडतो.

हारलेमचे व्यापारी आणि त्यांचा चित्रकार

या पद्धतीचा आद्य आचार्य म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवता येते, तो फ्रान्स हाल्स हा हॉलंडमधील हारलेम शहराचा चित्रकार. त्याचा जन्म १५८२ किंवा १५८३ मध्ये अँटवर्पला झाला. त्याचे वडील कापडाच्या धंद्यातील कारागीर होते. १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या ताब्यात गेल्यावर असंख्य कुटुंबे उत्तरेकडे निघून गेली, त्यांत हे कुटुंबही होते. हारलेम हे तागाच्या कापडाचे आणि मद्यनिर्मितीचे मोठे केंद्र. राजाच्या दरबारावर नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या रोकडीवर तेथील चित्रकला पोसली गेली. हाल्ससमोर बसलेली माणसे आपल्या वाचकांना परकी वाटणार नाहीत. आइझॅक मासा हा रशियाशी व्यापार करणारा, विलेम फान हेइटहाउझेन हा कापडाचा श्रीमंत व्यापारी, आणि पीटर फान डेन ब्रूके हा तर १६२० च्या दशकात सुरतेतील डच वखारीचा प्रमुख होता. त्याच काळात वीरजी व्होरा हे जैन व्यापारी सुरतेच्या बाजारपेठेत अग्रेसर होते. मायदेशी परतल्यावर फान डेन ब्रूकेने १६३३ च्या सुमारास हाल्सकडून आपले चित्र काढून घेतले. ते आज लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे.

या चित्रात कंपनीने सन्मानार्थ दिलेली सोन्याची साखळी त्याच्या छातीवर रुळते आहे. परंतु नजर खिळते ती चेहऱ्यावर. उन्हावाऱ्याने रापलेले लालसर गाल, विस्कटलेले केस, न विंचरलेली दाढी आणि नुकतेच काहीतरी गमतीचे ऐकल्यासारखे डोळे. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला नीटनेटका भांग पाडून बसवणे चित्रकाराला अवघड नव्हते. हाल्सने तसे केले नाही. समुद्रप्रवास आणि बाजारपेठा पाहिलेला, माणसांत रमणारा तो गृहस्थ त्या विस्कटलेल्या केसांतच त्याला सापडला, आणि ते केस त्याने तशाच सैल, तुटक फटकाऱ्यांनी रंगवले.

हाल्सचे सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘हसरा सरदार’ या नावाने ओळखले जाते. हे नाव त्याला एकोणिसाव्या शतकात मिळाले, आणि गंमत अशी की चित्रातला तरुण हसत नाही. चित्रावर १६२४ हे साल आणि तरुणाचे वय २६ असे लिहिलेले आहे. त्याचे ओठ मिटलेले आहेत. वर वळवलेल्या मिशांची टोके आणि किंचित बारीक झालेले डोळे यांमुळे पाहणाऱ्याला हसण्याचा भास होतो. भाव हा ओठांच्या रेषेत नसून तिच्या आसपासच्या उजेड-सावलीत असतो, हा व्यक्तिचित्रणातील मोठा धडा या एका चित्रातून मिळतो. त्याच्या मनगटावरची लेस जवळ जाऊन पाहिली तर पांढऱ्या आणि राखाडी रंगाचे सुटे फटकारे तेवढे दिसतात. चार पावले मागे सरकले की तीच लेस नाजूक, पारदर्शक आणि महागडी दिसू लागते.

निष्काळजी म्हणून हेटाळणी

आज या चित्रांचे मोल सर्वमान्य असले, तरी मधली दीडशे वर्षे तशी नव्हती. गुळगुळीत, चकचकीत रंगकामाची चाल पडली आणि हाल्सचे फटकारे अर्धवट, बेफिकीर वाटू लागले. १७१८ पासून प्रसिद्ध झालेल्या हाउब्राकेन या लेखकाच्या चित्रकार-चरित्रांत हाल्सच्या मद्यपानाच्या कथा आल्या. मग लोकांनी सोपा निष्कर्ष काढला की माणूस बेताल म्हणून हातही बेताल. त्याची चित्रे किरकोळ किमतीला विकली जाऊ लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे वारे फिरले. १८६५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ‘हसरा सरदार’ लॉर्ड हर्टफर्डने ५१,००० फ्रँकला घेतला. त्याच्याशी चढाओढ करणारा गृहस्थ रॉथस्चाइल्ड या सुप्रसिद्ध पेढीचा होता. पुढे मॅने १८७२ मध्ये हॉलंडला गेला. सार्जंटने १८८० मध्ये हारलेमला जाऊन हाल्सच्या चित्रांच्या नकला केल्या. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८५ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात हाल्सजवळ काळ्या रंगाच्या सत्तावीस तरी छटा असाव्यात, अशा अर्थाचे उद्गार काढले. ज्याला दीडशे वर्षे निष्काळजीपणा समजले गेले, तो सत्तावीस काळ्या छटा ओळखणाऱ्या डोळ्यांचा हिशेब होता.

हा मुद्दा नवशिक्याने मनावर कोरून ठेवावा. फटकारा सैल दिसतो, कारण तो लावल्यावर पुन्हा पुसला, घासला वा मिसळला गेलेला नाही. पुन्हा हात लावावा लागू नये, यासाठी तो पहिल्याच वेळी योग्य छटेचा, योग्य आकाराचा आणि योग्य जागी पडावा लागतो.

आधी छटा, मग रंग

शिकण्याची सुरुवात रंगांपासून न करता उजेडापासून करावी. ज्याचे चित्र काढायचे आहे त्या व्यक्तीला एकाच खिडकीजवळ, उजेड एका बाजूने पडेल अशा रीतीने बसवावे आणि खोलीतील दिवे बंद ठेवावेत. दोन-तीन दिशांनी उजेड आला की चेहऱ्यावरच्या सावल्या एकमेकींना खोडून काढतात आणि चेहरा सपाट दिसतो. मान थोडी वळलेली असावी, म्हणजे एक गाल उजेडात आणि दुसरा सावलीत राहतो.

त्यानंतर शिकणाऱ्याने डोळे अर्धवट मिटून पाहावे. असे केले की पापण्या, सुरकुत्या, कुंकू, चष्म्याची काडी असा बारीकसारीक तपशील विरून जातो आणि तीन-चार मोठे आकार उरतात: उजेड, मध्यम छटा, सावली आणि केसांचा गडद भाग. या चार आकारांचा मेळ बसला की नाक-डोळे नसतानाही माणूस ओळखू येतो. रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून येणारा आप्त चेहरा दिसण्यापूर्वीच ओळखू येतो, तसाच हा प्रकार आहे. साम्याचा पाया मस्तकाच्या आकारात आणि सावलीच्या वाटणीत असतो. पापण्यांचे केस मोजून ते साधत नाही.

मग मोठ्या, चपट्या कुंचल्याने, पातळ केलेल्या तपकिरी रंगाने मस्तकाचा आकार आणि सावलीचा भाग कॅनव्हासवर मांडावा. येथे पेन्सिलीने नाक-डोळे रेखून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. एकदा डोळा रेखला की हात त्या रेषेच्या आत रंग भरू लागतो, आणि मोकळे चित्र तेथेच संपते. हाल्सचे एकही रेखाटन खात्रीने सापडलेले नाही. तो बहुधा थेट कुंचल्यानेच मांडणी करीत असावा, असे अभ्यासक मानतात.

रंग थोडे घ्यावेत. स्वीडनचा व्यक्तिचित्रकार अँडर्स झोर्न याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रंगसंचात चारच रंग असतात: पांढरा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, हिंगुळी लाल आणि काळा. या चौघांतून त्वचेच्या जवळजवळ सर्व छटा मिळतात. काळ्यात पांढरा मिसळला की लालसर रंगाशेजारी तो निळसर भासतो, त्यामुळे निळ्याची उणीव फारशी जाणवत नाही. आपल्याकडील गव्हाळ, सावळ्या त्वचेसाठी यलो ऑकर आणि लाल यांचे प्रमाण वाढवावे व पांढरा जपून वापरावा. रंग उजळ करायचा म्हणून नुसता पांढरा ओतला की त्वचा खडूसारखी होते, आणि गडद करायचा म्हणून नुसता काळा घातला की चेहरा मळकट दिसतो. सावळ्या कपाळावर खिडकीचा उजेड पडतो तेव्हा तेथील चकाकी थोडी थंड, निळसर असते आणि सावली उबदार, तांबूस असते. चेहऱ्याचे भाग पाहण्याची चित्रकारांची एक जुनी रीतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान लालसर आणि हनुवटीचा भाग करडा, असे ढोबळ तीन पट्टे चेहऱ्यावर असतात. पुरुषांच्या दाढीमुळे खालचा पट्टा अधिकच करडा दिसतो.

चित्र सुरू करण्यापूर्वी उजेड, मध्यम आणि सावली यांचे तीन स्वतंत्र ढीग रंगधानीवर कालवून ठेवावेत. दुकान उघडण्यापूर्वी गल्ल्यात सुट्टे पैसे लावून ठेवावेत, तशी ही तयारी आहे. गिऱ्हाईक समोर असताना सुट्ट्यांची शोधाशोध करावी लागली की व्यवहार बिघडतो. ऐन फटकाऱ्याच्या वेळी रंग कालवत बसले की हात चाचरतो.

एक फटकारा आणि थांबणे

कुंचला लेखणीसारखा टोकाजवळ धरू नये, दांड्याच्या मागच्या बाजूला धरावा. त्यामुळे हालचाल बोटांतून न होता खांद्यातून होते. उभे राहून काम करावे. रंग उचलावा, जागा न्याहाळावी, फटकारा ठेवावा आणि दोन पावले मागे येऊन पाहावे. फटकारा बरोबर असेल तर त्याला पुन्हा हात लावू नये. चुकला असेल तर चाकूने खरवडून नव्याने ठेवावा. त्याच्यावरच कुंचला फिरवत राहिल्याने तो सुधारत नाही. सार्जंटविषयी त्याच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवले आहे की, मस्तक चुकले तर तो ते ठिगळे लावून दुरुस्त करीत नसे, सबंध खरवडून काढून पुन्हा आरंभ करी. ज्या चित्रांकडे पाहून लोक ‘सहज काढले’ म्हणतात, त्यांतील काहींखाली अशी पुसलेली मस्तके दडलेली आहेत. सार्जंटचा गुरू कॅरोलस-ड्युरां हा पॅरिसमधील आपल्या चित्रशाळेत छटांना प्रथम स्थान देई आणि विद्यार्थ्यांना थेट कुंचल्यानेच काम करावयास लावी.

हे काम रंग ओला असतानाच पुरे करावयाचे असते. ओल्या रंगावर ओला रंग पडला की दोहोंची कड आपोआप मऊ होते. कोणती कड मऊ सोडायची आणि कोणती धारदार ठेवायची, हा या कलेतील मर्माचा भाग आहे. सावलीतील गाल आणि मागचा अंधार यांची छटा एक असेल, तर तेथे कड हरवू द्यावी. पाहणाऱ्याचा डोळा ती स्वतः पुरी करतो आणि त्यातच त्याला आनंद वाटतो. सबंध चित्रात दोन-तीन कडाच धारदार असाव्यात: बहुधा वरच्या पापणीची, नाकपुडीखालची आणि शर्टाच्या कॉलरची. सर्वच कडा धारदार केल्या की चेहरा पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

डोळे काढताना प्रथम खोबणीची सावली मांडावी, मग पापणीची. बुबुळाभोवतीचा भाग खरोखर पांढरा नसतो, तो सावलीत करडा असतो. तेथे शुद्ध पांढरा लावणाऱ्याच्या चित्रातील माणूस घाबरलेला दिसतो. हसऱ्या तोंडातील प्रत्येक दातामध्ये रेघ ओढू नये, दातांची एकच फिकट पट्टी पुरते. ओठांचे कोपरे हलक्या हाताने, मऊ कडेचे ठेवावेत, कारण भाव तेथेच हलतो. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्या सारख्या करण्याचा प्रयत्न करू नये. एक भुवई किंचित वर असते, एक गाल अधिक भरलेला असतो, आणि त्या असमानतेतच तो माणूस असतो. डोळ्यांतील चमक सर्वांत शेवटी, एकाच ठिपक्याने द्यावी.

सरावासाठी मोठे चित्र घेऊन महिनाभर झगडण्यापेक्षा लहान कॅनव्हासवर चाळीस मिनिटांचे मस्तक करावे, वेळ संपताच थांबावे आणि दुसऱ्या दिवशी नवे घ्यावे. अशी वीस मस्तके झाली की विसाव्यात पहिल्यापेक्षा निम्मे फटकारे आणि दुप्पट माणूस दिसू लागतो.

साहित्याचा विवेक

व्यक्तिचित्राच्या साहित्याबाबत जैन कुटुंबांना एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तैलरंगाचे पारंपरिक राठ कुंचले डुकराच्या केसांचे असतात आणि मऊ कुंचले सेबलसारख्या प्राण्यांच्या केसांचे. कॅनव्हासला पूर्वी सशाच्या कातड्याचा सरस लावीत. आयव्हरी ब्लॅक या नावाने मिळणारा काळा रंग आज हाडे जाळून तयार केलेला असतो. या सर्वांना पर्याय आहेत. कृत्रिम तंतूंचे राठ कुंचले आता चांगल्या प्रतीचे मिळतात. अॅक्रिलिक जेसो लावलेल्या कॅनव्हासला सरसाची गरज नसते. काळ्या रंगासाठी लोहाच्या संयुगाचा मार्स ब्लॅक किंवा काजळीपासूनचा लॅम्प ब्लॅक घेता येतो. ट्यूबवर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. ‘पीबीके ९’ म्हणजे हाडांचा काळा, ‘पीबीके ११’ म्हणजे मार्स ब्लॅक. मार्स ब्लॅक अधिक जोरकस असल्याने थोडाच घ्यावा. तैलरंगातील तेल बहुधा जवसाचे असते. टर्पेंटाइनच्या वाफांचा त्रास होत असेल तर खिडकी उघडी ठेवावी, किंवा आरंभ अॅक्रिलिक रंगांनी करावा. ते फार लवकर वाळतात, म्हणून ओल्यावर ओले काम करताना वाळण्याचा वेग कमी करणारे द्रावण त्यांत मिसळावे लागते.

छायाचित्र की माणूस?

बहुतेकांना छायाचित्रावरून काम करणे सोयीचे वाटते. परंतु छायाचित्रात सावल्या काळ्या पडतात, त्यांतील तांबूसपणा नाहीसा होतो आणि चेहरा एका क्षणापुरता गोठतो. समोर बसलेला माणूस हलतो, बोलतो, कंटाळतो, पुन्हा सावरतो. चित्रकार त्या तासाभरातील अनेक क्षणांचे सार काढतो. भावपूर्ण व्यक्तिचित्र हे असे अनेक क्षणांचे मिळून झालेले असते.

समोर माणूस हवा, या आग्रहापायी हाल्सने मोठे काम गमावले. १६३३ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका नागरी पथकाने त्याला सोळा जणांचे समूहचित्र सांगितले. माणशी ६० गिल्डर ठरले, पुढे ते ६६ करण्यात आले. काम रेंगाळले. पथकवाले म्हणत, चित्रकाराने अॅमस्टरडॅमला यावे. हाल्स म्हणे, मंडळींनी हारलेमला येऊन बसावे. पत्रापत्री झाली, तक्रारी झाल्या, कोणीच हटेना. शेवटी १६३७ मध्ये पीटर कॉडे या दुसऱ्या चित्रकाराने ते चित्र पुरे केले. व्यवहार म्हणून पाहिले तर दोन्ही पक्षांचे नुकसान झाले. मात्र आज अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्या चित्रासमोर उभे राहिले की डाव्या टोकाचा निशाणधारी, जो हाल्सच्या हातचा आहे, तोच प्रथम मनात भरतो. व्हॅन गॉगने आपल्या पत्रात त्याचीच वाखाणणी केली आहे.

सुरकुत्या कमी करा, असे म्हटले तर

घरच्या माणसाचे चित्र काढणाऱ्यापुढे आणखी एक पेच उभा राहतो. सून सासूबाईंचे चित्र काढायला बसली की घरातून सूचना येऊ लागतात. रंग थोडा उजळ कर, सुरकुत्या कमी दाखव, दात पडल्याचे दिसू देऊ नकोस. या सूचनांमागे प्रेम असते, परंतु त्या सर्व मानल्या तर चित्र पुन्हा तसबिरीसारखे गुळगुळीत होते. दुसऱ्या टोकाला, ‘खरे ते दाखवायचे’ म्हणून प्रत्येक सुरकुती कोरून काढणारा शिकाऊ चित्रकारही चुकतो. तो माणसाचे वय दाखवतो, माणूस दाखवत नाही. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहिले की या पेचाचा निकाल आपोआप लागतो. ज्या सुरकुत्या तरीही दिसतात त्या चेहऱ्याच्या घडणीच्या असतात, त्या ठेवाव्यात. ज्या विरून जातात त्या सोडून द्याव्यात. हा त्याग खुशामतीसाठी केलेला नसतो. महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय, याची ती निवड असते.

हाल्सच्या अखेरच्या वर्षांतील दोन चित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. आयुष्यभर व्यापाऱ्यांची चित्रे काढणारा हा माणूस व्यवहारात कच्चा राहिला. एका बेकरीवाल्याच्या उधारीपायी त्याच्या घरातील सामान आणि चित्रे जप्त झाली. १६६४ मध्ये हारलेम नगरपालिकेने त्याला सालाना २०० गिल्डर आणि जळणासाठी तीन गाड्या पीट देण्याचे ठरवले. त्याच सुमारास, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्याने शहरातील वृद्धाश्रमाच्या पुरुष आणि स्त्री विश्वस्तांची दोन चित्रे काढली. हाल्स त्याच आश्रमात आश्रित होता आणि त्याने विश्वस्तांवर चित्रातून सूड उगवला, अशी दंतकथा पुढे पसरली. ती खरी नाही. तो तेथे राहत नव्हता. एका विश्वस्ताची टोपी कलंडलेली आणि चेहरा सैल पडलेला पाहून काहींनी त्याला मद्यपी ठरवले. चेहऱ्याच्या पक्षाघातामुळेही तसे दिसत असेल, असे दुसऱ्यांनी सुचवले.

स्त्री विश्वस्तांच्या चित्रातील हात पाहावेत. काही मोजके, जाड, जवळजवळ आकारहीन फटकारे. जवळून पाहिले तर बोटे सापडत नाहीत, आणि मागे आल्यावर मात्र वय झालेल्या, थोड्या ताठरलेल्या, जबाबदारीचे ओझे वाहिलेल्या स्त्रीचा हात मांडीवर विसावलेला दिसतो. थकलेल्या हातांनी चित्रकाराने अनावश्यक ते सारे गाळले आहे. त्याने कोणाला सुंदर केले नाही आणि कोणाची चेष्टाही केली नाही. ज्या वृद्धाश्रमासाठी ही चित्रे काढली, त्याच इमारतीत १९१३ पासून फ्रान्स हाल्स संग्रहालय आहे आणि ती दोन्ही चित्रे तेथेच टांगलेली आहेत.

या प्रवासाला निघण्यासाठी महाराष्ट्रात साधनांची वाण नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या आरंभाचे साल १८५७, आणि समोर माणूस बसवून व्यक्तिचित्र काढण्याची परंपरा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गोव्यात जन्मलेले आणि याच शाळेत शिकलेले आंजेलो दा फोन्सेका यांच्या आधीच्या पिढीचे व्यक्तिचित्रकार अ. झे. त्रिंदाद यांची चित्रे पणजीच्या फुंदासाँव ओरिएंत या संस्थेत पाहावयास मिळतात. छापील पुस्तकात फटकाऱ्यांची जाडी कळत नाही, म्हणून शिकणाऱ्याने मूळ चित्रासमोर उभे राहण्याची संधी सोडू नये. प्रथम मागून, मग अगदी जवळून आणि पुन्हा मागून, असे पाहावे.

परंतु सर्वांत मोठी संधी घरातच असते, आणि ती कायमची नसते. घरातील वडीलधारे गेल्यावर चांगला फोटो शोधण्यासाठी लग्नाचे अल्बम उलटेपालटे होतात, कुठल्या तरी समूहचित्रातून चेहरा कापून मोठा केला जातो. शिकत असलेल्या मुला-मुलीने आजीला आजच खिडकीशी बसवावे. तिला वीस मिनिटांहून अधिक वेळ बसवू नये, मध्ये पाणी द्यावे, तिच्या माहेरच्या गोष्टी विचाराव्यात, म्हणजे ती पोज घेणे विसरते. पहिले चित्र तिच्यासारखे येणार नाही, दुसरेही कदाचित येणार नाही. ते खरवडून पुढच्या रविवारी पुन्हा बसवावे. एवढा वेळ तिच्या चेहऱ्याकडे कोणी निरखून पाहिलेले नसते, आणि तिलाही ते आवडते.